अंगठ्यांची पट्टी

सन २००३. मी पन्नास वर्षांचा होतो आणि बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका एमआरआय सेंटरात माणसांच्या पायांचे अंगठे एकमेकांना बांधायचं काम करत होतो.

हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सेंटरच्या कागदावर मी अटेंडंट होतो, पेशंट मला काका म्हणायचे आणि मी स्वतःला त्या मशीनचा दरवान समजायचो. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आत कोणी जाऊ शकत नव्हतं, मग तो कितीही मोठा शेठ असो. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "मोरे, तुमच्या नोकरीवर लिहा, पण जन्मापासून सुरू करू नका." म्हणून मिलमधली वर्षं सोडून देतो. मी चौथीपर्यंत शिकलो, साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलं, मिल बंद पडली, हात रिकामे झाले. एवढं पुरे. त्यानंतर बडोद्यात नवीन नवीन मशिनं यायला लागली, आणि त्यातलं एक माझ्या नशिबी आलं.

एमआरआय म्हणजे काय, ते मला जसं कळलं तसं सांगतो. डॉक्टर लोकांनी चुका काढल्या तर खुशाल काढाव्यात. एक मोठं लोहचुंबक असतं, माणूस आत सरकेल एवढ्या भोकाचं. ते कधी बंद नसतं. दिवाळीला सेंटर बंद, पण चुंबक चालू. एक्स-रेत हाड दिसतं. यात ओल दिसते. शरीरात जिथे जिथे पाणी आहे, तिथून हे मशीन काहीतरी ऐकतं आणि त्याचं चित्र काढतं. ऐकताना स्वतः मात्र एवढं ठोकतं, की पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं काम चाललंय असं वाटावं. गोरव्याच्या कारखान्यांतले कामगार आत गेले की त्यांना झोप लागायची. म्हणायचे, काका, घरी एवढी शांतता की झोप येत नाही.

माझं मुख्य काम लोखंड पकडणं. घड्याळ, पट्टा, चिल्लर, हेअरपिन. बायकांच्या बाबतीत एकच प्रश्न महत्त्वाचा: पिना. आपल्या बायकांच्या बांगड्यांना सेफ्टी पिनांचा घोस लटकलेला असतो आणि तो त्यांना दिसतच नाही. "काही लोखंड आहे का?" विचारलं तर "छे" म्हणतात. म्हणून मी तसं विचारतच नसे. दाराबाहेरच्या टेबलावर एक स्टीलची वाटी ठेवायचो आणि म्हणायचो, "ताई, पिना." मग वाटी भरायची.

सावली गावाहून एकदा एक म्हाताऱ्या बा, म्हणजे आजी, आल्या. सोबत ट्रॅक्टरभर माणसं. सगळ्यांना आत येऊन बघायचं होतं. मी दारात हात आडवा धरला तर त्यांचा मोठा मुलगा म्हणाला, "काका, बा एकली बीशे." बा घाबरेल म्हणे. बा आतून ओरडल्या, "कोण घाबरतंय? तुम्ही बाहेरच राहा, वर्षात पहिल्यांदा जरा निवांत पडायला मिळालंय." त्या बांचेही अंगठे मी बांधले होते. त्यांनी फक्त पट्टीकडे पाहिलं, "राम राम" म्हणाल्या आणि डोळे मिटले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी माझ्या कामाच्या तोऱ्यात.

आता अंगठे का बांधायचे, ते सांगतो. कमरेखाली जिथे पाय धडाला अडकतो, तो खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो आणि फिरतो. गोळ्यावर आणि वाटीत आतून एक पातळ, गुळगुळीत थर असतो. डॉक्टर त्याला कूर्चा म्हणतात, पेशंट गादी म्हणतात. मटण खाणाऱ्याला मी लगेच समजावून देत असे, नळीच्या टोकाला पांढरी निसरडी टोपी असते ना, दाताखाली कुरकुर वाजते, तीच. ही गादी गेली की हाड हाडावर घासतं. एक्स-रेत ती दिसत नाही, दोन हाडांमधली फट तेवढी दिसते. एमआरआयत दिसते, पण फार बारीक असते, आणि माणूस जरा हलला की चित्र फिसकटतं. आणि माणूस उताणा पडला की त्याचे पाय आपोआप बाहेरच्या बाजूला कलंडतात. तुम्ही आज रात्री पडून बघा. म्हणून दोन्ही पाय थोडे आत वळवायचे, अंगठ्याला अंगठा लावायचा आणि कागदी चिकटपट्टी गुंडाळायची. मग खुबा जागच्या जागी राहतो. सगळीकडे असंच करतात, ही माझी अक्कल नव्हे.

तर त्या वर्षी आपटे गुरुजी आले.

दांडिया बाजारातले आपटे गुरुजी. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, अंगाने भरलेले, आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही. बडोद्यातल्या मराठी घरांतली मुंजी, लग्नं, वास्तुशांती निम्म्या त्यांच्याच हातून झालेल्या. ते काठी टेकत, आपटेकाकूंच्या खांद्यावर हात ठेवून आले. उजव्या खुब्याने त्यांना वर्षभर जेरीस आणलं होतं. पूजा सांगायला बसले की उठता येईना. एका लग्नात मंगलाष्टकं संपली आणि गुरुजींना उठवायला नवऱ्या मुलाला हात द्यावा लागला. ती गोष्ट सगळ्या गावात झाली.

हाडांच्या सर्जननी एक्स-रे पाहून सांगितलं होतं, फट फार कमी झालीय, सांधा बदलावा लागेल. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी सकाळी ठरलेलं. पण माणूस चांगला होता. म्हणाला, त्याआधी एकदा गादी बघून घेऊ. गादी शाबूत असेल तर कापायची घाई नको. नसेल तर उद्या बदलून टाकू.

बाहेरच्या बाकावर बसून गुरुजींनी मला सगळं ऐकवलं. "मी विचारलं त्यांना, सांधा बदलल्यावर मांडी घालता येईल का? म्हणाले, नाही. जमिनीवर बसायचंच नाही. मग मी बसू कुठे? म्हणाले, खुर्चीत. आणि यजमान? म्हणे, तेही खुर्चीत बसतील. आणि देव?"

"देव आधीपासूनच चौरंगावर असतो," काकू म्हणाल्या. "त्याची काळजी नको."

"तू थट्टा कर. मांडी नसलेला भटजी कोणी बोलावतं का?"

काकूंनी पदराने गुरुजींच्या कपाळावरचा घाम पुसला. मला तेव्हा कळलं की त्या थट्टा धीरासाठी करत होत्या.

मी म्हणालो, "गुरुजी, चित्र नीट आलं तर सगळं कळेल. शहाळ्याच्या आतून मलई चिकटलेली असते ना, तसा तो थर असतो. आहे की गेला, एवढंच बघायचंय." मटणाचं उदाहरण त्यांना कसं देणार.

"मलई," गुरुजी म्हणाले. "बरं. अंगावर लोखंड काही नाही माझ्या. मी लोखंड अंगाला लावत नाही."

मी त्यांना सेंटरचा झगा घातला, अंगठ्या काढून घेतल्या आणि हात धरून आत नेलं. टेबलाजवळ पोचलो आणि त्यांच्या झग्याच्या गळ्यातून जानवं बाहेर आलं. नुसतं आलं नाही. मशीनच्या दिशेने ताठ उभं राहिलं. टोकाला किल्ली. मी किल्ली मुठीत धरली, गुरुजींना मागे ढकलत दाराबाहेर नेलं आणि मग श्वास सोडला.

"हे काय आहे?"

"कपाटाची किल्ली."

"लोखंडाची?"

"किल्ली म्हणजे किल्ली हो. तिला कोण लोखंड म्हणतं?"

आमचा टेक्निशियन जिग्नेश काचेमागे पोट धरून हसत होता. किल्ली काकूंकडे दिली. गुरुजी पुन्हा आत आले, टेबलावर उताणे पडले. मी कमरेवर कॉइल बसवली, म्हणजे चित्र पकडणारं जाडसर पांघरूण. कानात बोळे घातले. मग पायाशी जाऊन दोन्ही पाय आत वळवले आणि पट्टीचा रोल काढला.

"काय करताय?"

"अंगठे बांधतोय."

गुरुजी कॉइलसकट उठून बसायला लागले. "मोरे, मी अजून जिवंत आहे."

"म्हणूनच बांधतोय. मेलेले हलत नाहीत."

माझ्या मते हा चांगला विनोद होता. गुरुजींच्या मते नव्हता. "मी शुभकार्याचा ब्राह्मण आहे," ते म्हणाले. "दहाव्या-बाराव्याचं काम मी घेत नाही. उताणा झोपवायचं, अंगाला नवा झगा, अंगठे बांधायचे आणि त्या भोकात सरकवायचं. बाकी काय राहिलं? चार माणसं?"

"चार नाही, मी एकटाच पुरतो," मी म्हणालो. तेही चालेना.

तोवर काकूंनी काचेतून पट्टी पाहिली होती. त्या दारात आल्या. जिग्नेश मागून म्हणाला, "काकी, आ तो प्रोसिजर छे."

"तुझ्या आईला विचार जाऊन, ही कसली प्रोसिजर आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण जिग्नेश परत खुर्चीत बसला. पुढे तो मला म्हणाला की त्याने खरोखरच घरी आईला विचारलं, आणि आईने त्याला जेवता जेवता बोल लावले. म्हणजे गुजरात्यांतही तेच.

एवढी वर्षं मी पट्टी बांधत होतो. कोणी चुळबुळ केली तर "नियम आहे" म्हणून गप्प करायचो. माझा आवाज मोठा, त्यामुळे माझं चालायचं. माझ्याइतकाच मोठा आवाज असलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

आमच्या डॉक्टर पारुलबेन आल्या. बडोद्यात वाढलेल्या, त्यामुळे मराठी येतं, फक्त राग आला किंवा खूश झाल्या की गुजरातीत जातात. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "ठीक छे. बांधू नका. गुरुजी, तुम्ही स्वतः पाय धरून ठेवा. हलायचं नाही."

गुरुजींनी मनापासून प्रयत्न केला. घंटा, मृदंग, हातोडा, सगळे आवाज सोसले. पण दुखणाऱ्या खुब्याला कोण सांगणार. काही मिनिटांत उजवा पाय थरथरला आणि कलंडला. पडद्यावर चित्र आलं ते ओल्या शाईवरून बाही फिरवावी तसं. गोळा कुठे, वाटी कुठे, आणि त्या दोघांत मलई आहे की नाही, देवालाही सांगता आलं नसतं.

पारुलबेन गुरुजींजवळ गेल्या. "हे मी सर्जनना दाखवू शकत नाही. आणि काही दाखवलं नाही, तर ते एक्स-रेवरच जाणार. उद्या सकाळी ऑपरेशन."

गुरुजी माझ्याकडे वळले. "मोरे, तुम्ही स्वतः कधी बांधून घेतलेत?"

"नाही."

"मग?"

आता बघा, माझ्या स्वभावात एक खोड आहे. मिलमधल्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, एकदा "तुला जमणार नाही" म्हटलं म्हणून मी तापात दुसरी पाळी केली होती. मी म्हणालो, "आत्ता घेतो." पट्टा काढला, खिसे रिकामे केले, हातातलं कडं काढून वाटीत टाकलं. गुरुजींना काचेमागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, नीट दिसेल असं. पारुलबेन म्हणाल्या, "मोरेकाका, हे काय चाललंय?" मी म्हणालो, "बेन, दोन मिनिटं." आणि टेबलावर पडलो.

जिग्नेशने माझे अंगठे बांधले. नको तेवढ्या आनंदाने बांधले. टेबल सरकलं.

मी हजारदा लोकांना सांगितलं होतं: डोळे मिटा आणि घरातलं काहीतरी आठवा. आत गेल्यावर लक्षात आलं की घरातलं काहीच आठवत नाही. छत नाकाला टेकेल इतकं जवळ. माणूस फक्त आपल्या बांधलेल्या अंगठ्यांचा विचार करतो. आणि त्यांना खाज सुटते. तेवढ्यात मला वडील आठवले. त्यांचे अंगठे मीच बांधले होते, आईच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंधीने. इतकी वर्षं इतक्या पायांना पट्टी लावली, पण ती निळी चिंधी एकदाही डोळ्यांपुढे आली नव्हती. म्हाताऱ्या बा "राम राम" का म्हणाल्या, ते त्या भोकात पडून कळलं. चित्र काढणं चालू नव्हतं, ठोकाठोक नव्हती, त्यामुळे विचारांना आडोसा नव्हता.

पुढचं मला नंतर काकूंकडून समजलं.

माझी बायको इंदू रोज दुपारी डबा घेऊन यायची. त्या दिवशीही आली. काचेमागच्या खोलीत तिला रोखायचं कोणाला सुचलं नाही. तिने आत पाहिलं. मशीनमधून दोन पाय बाहेर आलेले, अंगठे बांधलेले. माझे पाय ती कुठेही ओळखते. डाव्या पायाची करंगळी मिलमध्ये चेपलेली आहे. तिने डबा टेबलावर ठेवला. सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कधी?"

जिग्नेशला प्रश्नच कळला नाही. काकूंना कळला. त्या घाईने म्हणाल्या, "अहो, तसं काही नाही. हट्टाने जाऊन झोपलेत."

"हट्टाने?"

"हो. आमच्या ह्यांना दाखवायला."

"मग जिवंत आहेत," इंदू म्हणाली आणि खुर्चीत बसली. बसल्यावर मात्र तिने डब्याचं झाकण तीनदा उघडून तीनदा लावलं, असं काकू म्हणतात. इंदू म्हणते, एकदाच.

गुरुजी हसायला लागले. खुब्याला कळ लागेपर्यंत हसले. मी आत पडून ऐकत होतो. वाटलं, मला हसताहेत. एका अर्थी खरंच होतं.

टेबल बाहेर आलं. इंदू उठली, बांगड्यांच्या पिना काढल्या, गळ्यातलं काढलं, सगळं काकूंच्या ओंजळीत घातलं. एवढ्या वर्षांत तिला सेंटरचा नियम पाठ झाला होता. आत आली, माझ्या पायाशी उभी राहिली आणि पट्टीचं टोक नखाने उचलून एका झटक्यात ओढली. अंगठ्यावरचे केस गेले.

"बांधलेलं सोडलं," ती म्हणाली. "आता उठा. भाकरी गार होतेय."

ती मला म्हणाली, पण ऐकलं काकूंनी. मी बाहेर आलो तेव्हा काकू नवऱ्यासमोर उभ्या होत्या. "मेल्यावर बांधलेल्याला कोणी सोडवून घरी नेत नाही," त्या म्हणाल्या. "मोऱ्यांना त्यांच्या बायकोने सोडवलं. तुमचे मी सोडवीन. बांधतील मोरे, पण सोडायला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

गुरुजींनी दाढी खाजवली. निर्णय देताना ते असंच करत, मुहूर्त काढताना मी पाहिलं होतं. "याला शास्त्राधार नाही," ते म्हणाले.

"विरोध आहे?"

गुरुजींनी मनातल्या मनात बऱ्याच पोथ्या उलटल्या असाव्यात. "विरोधही नाही."

"मग चला."

काकूंनी वाटीत पिना टाकायला सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या पिना मी कोणाच्या अंगावर पाहिल्या नव्हत्या. जिग्नेश म्हणाला, "काकी, दुकान काढा." मी पुन्हा गुरुजींचे पाय आत वळवले, अंगठ्याला अंगठा लावला आणि पट्टी गुंडाळली, या वेळी सावकाश. गुरुजींनी डोळे मिटले. ओठ हलत होते. ओठ हलले तर खुब्याचं काही बिघडत नाही. काकू दाराजवळ उभ्या राहिल्या. पारुलबेननी खुर्ची देऊ केली, पण त्या बसल्या नाहीत.

मशीन ठोकत राहिलं आणि आपटे गुरुजी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे पडून राहिले. पोट श्वासाने वर-खाली होत होतं तेवढंच. पायाचं बोट हललं नाही.

संपल्यावर काकू आत गेल्या. त्यांनी पट्टी ओढली नाही. टोक शोधलं, हळूहळू उलगडत गेल्या, दोन्ही अंगठे मोकळे केले, त्यांवरून एकदा हात फिरवला. पट्टी चुरगळून डब्यात टाकली आणि बाहेर जाऊन हात धुतले. पारुलबेनही तेवढा वेळ काचेमागे उभ्याच होत्या.

मग चित्रं. पारुलबेन सहसा पेशंटला पडद्याजवळ येऊ देत नसत, पण त्या दिवशी आम्हा सगळ्यांना येऊ दिलं. गोळा दिसत होता, त्याची वाटी दिसत होती, मध्ये एक बारीक कोर, बीजेच्या चंद्रासारखी, उजळ राखाडी. वरच्या एका जागी ती कोर झिजून पातळ झाली होती. वाटीच्या काठाला एक चीर पडली होती. खरी कळ तिथून येत होती.

"मलई?" गुरुजींनी विचारलं.

"छे ने," पारुलबेन म्हणाल्या. "आहे. एका ठिकाणी घासलीय, पण आहे."

सर्जन संध्याकाळी स्वतः येऊन फिल्म बघून गेले. पुन्हा पुन्हा उजेडासमोर धरून पाहिली. मग म्हणाले, ऑपरेशन आत्ता नको. गोळ्या, व्यायाम, वजन कमी करायचं. हा सांधा अजून काही वर्षं चालेल. पुढचं पुढे बघू.

गुरुजींना बाकी काही ऐकू आलं की नाही, शंकाच आहे. "मांडी?" त्यांनी विचारलं.

"घाला. उजव्या गुडघ्याखाली घट्ट उशी घ्या, गुडघा लोंबू देऊ नका. आणि एकाच बैठकीत फार वेळ नाही. मध्ये मध्ये उठून फिरा."

"सत्यनारायणाचे पाच अध्याय असतात."

"प्रत्येक अध्यायानंतर उठा."

"यजमान काय म्हणतील?"

"खूश होतील," सर्जन म्हणाले. "त्यांच्याही पायाला मुंग्या आलेल्या असतात."

गुरुजींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू या माणसाला थोडं शिकवलं तर बरा भटजी होईल.

त्यानंतर आमच्या सेंटरात एक रीत पडली. खुब्याचा पेशंट असला की अंगठे मी बांधायचे आणि सोडवायचे त्याच्या माणसाने. पारुलबेननी तसं सगळ्यांना सांगून टाकलं. कारण कोणाला सांगत नसू. एखादा शहरी मुलगा घड्याळ काढता काढता कुरकुर करायचा, "मला कशाला आत बोलावताय? तुम्हीच सोडा ना." मी म्हणायचो, "तुमचे वडील आहेत, माझे नाहीत." मग तो मुकाट्याने वाकायचा. काही जण पट्टी सोडवून वडिलांच्या पायाला हात लावायचे; अलकापुरीतल्या एसी केबिनवाल्यांनाही मी तसं करताना पाहिलंय. एकट्या आलेल्याची पट्टी मी सोडवायचो. पण तेव्हा त्याला आधी विचारायचो, "घरी कोण असतं?" त्याने सांगितलं की मग पट्टी. हा माझा स्वतःचा नियम, पारुलबेननाही माहीत नव्हता.

पुढे नवी मशिनं आली, पायाला बांधायचे मऊ पट्टे आले, चर्र आवाज करून निघणारे. कोणाचे अंगठे बांधावे लागत नाहीत. मी रिटायर झालो तेव्हा नवीन पोरांना ही रीत सांगितली. ती म्हणाली, काका, आता गरज नाही. बरोबर आहे, गरज नाही. तरी मला ते फारसं आवडलं नाही.

पण मी पुढे पळतोय. त्या दिवसाचं थोडं राहिलंय.

संध्याकाळी मी घरी इंदूला सर्जनने सांगितलेलं ऐकवलं. तिने पेटीतून जुनी सतरंजी काढली, कापली, कापूस ठासून भरला आणि एक लहानशी उशी शिवली, पाटासारखी कडक. मी म्हणालो, "कोणी मागितली नव्हती." ती म्हणाली, "तुम्हाला त्या मशीनमध्ये झोपायलाही कोणी सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलच्या कॅरियरला उशी बांधून कामाआधी दांडिया बाजारात गेलो. गुरुजींच्या घराचं दार उघडं होतं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. गुरुजी देवासमोर पाटावर बसले होते, डावी मांडी घातलेली, उजवा पाय अर्धवट दुमडून अधांतरी, कपाळावर घाम, आणि मंत्र चालू. ऑपरेशन व्हायचं होतं, तीच वेळ. मी चपला काढल्या, आत गेलो, खाली बसलो. गुरुजींनी मंत्र न थांबवता माझ्याकडे पाहिलं आणि गुडघा उचलला. मी उशी सरकवली. त्यांनी पाय आणखी आत घेतला, गुडघा उशीवर टेकवला आणि मांडी पुरी झाली. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. संध्या संपेपर्यंत उठलो नाही, आणि नोकरीत पहिल्यांदाच कामावर उशिरा पोचलो.